नवा घोडा दावणीला बांधण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येळवस (वेळ अमावस्या) जवळ आली की लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची छायाचित्रे वृत्तपत्रांत दिसू लागतात. आपल्या दैनिकातही ती दरवर्षी येतात आणि मी ती आवडीने पाहतो. कोणता नुकरा, म्हणजे पांढराशुभ्र घोडा, किती लाखांना मागितला गेला, कोणती घोडी हलगीवर कशी नाचली, पंचकल्याण घोड्याभोवती किती गर्दी जमली, हे सगळे त्यांत असते. विकल्या गेलेल्या घोड्याचे पुढे काय होते, ते मात्र कुठे येत नाही. तो टेम्पोत चढतो, रात्रीतून एखाद्या गावात उतरतो आणि तिथे आधीपासून असलेल्या घोड्याच्या शेजारी बांधला जातो. त्या पहिल्या रात्रीविषयी आणि तिच्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांविषयी लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु ज्या कारणाने ते लिहीत आहे ते दोन ओळींत मावणारे नाही.

आमच्या घरी घोडा ठेवण्याची रीत आजोबांपासूनची आहे. त्यांच्या काळी तो बाजाराला आणि पाहुण्यांच्या गावी जायला लागे. आता तो खंडोबाचा वारू म्हणून आणि, खरे सांगायचे तर, हौसेखातर उरला आहे. मैना नावाची आमची घोडी तीन वर्षांपूर्वी चौदा वर्षांची होती. सात-आठ वर्षे ती एकटीच होती. सोबतीला बैलजोडी आणि दोन शेळ्या. रस्त्याने वरातीची घोडी गेली की ती खिंकाळत कुंपणापर्यंत धावायची, ते पाहून तिला जोड आणावी असे घरात ठरले आणि मी चार वर्षांची एक कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी विकत घेतली. रात्री दहाच्या सुमारास ती उतरली. घरच्यांनी तिला कुंकू लावले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्ही तिला गोठ्यात मैनेपासून चार हातांवर खुंट्याला बांधले. दोघींनी नाकाला नाक लावले, एक तीक्ष्ण किंचाळी ऐकू आली आणि मैनेने गर्रकन फिरून दोन्ही मागच्या टापा झाडल्या. नवी घोडी मागे सरकायला गेली, पण दाव्याने तिला जागच्या जागी धरून ठेवले. तिच्या मागच्या पायाला, मधल्या सांध्याच्या (हॉकच्या) वर आतल्या बाजूने, बोटभर जखम झाली. रक्त थोडेच होते आणि ती पाय टेकवत होती, म्हणून जखमेत हळद भरून आम्ही झोपलो. चौथ्या दिवशी पहाटे ती बसल्या जागेवरून उठायला गेली आणि तिचा पाय मोडला.

डॉक्टरांनी नंतर जे समजावले ते मी इथे मुद्दाम लिहितो, कारण घोडे पाळणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. मागच्या पायाच्या त्या भागात कातडीखाली लगेच हाड लागते, मांस जवळजवळ नसतेच. नाल मारलेल्या टापेचा घाव तिथे बसला की हाडाला बारीक चीर जाऊ शकते. वरून दिसते ती फक्त क्षुल्लक जखम, आणि घोडा चालतोसुद्धा. घोडा उभ्याने डुलकी घेत असला तरी गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि उठताना अंगाचा सगळा भार तो मागच्या पायांवर तोलतो. चिरलेले हाड नेमके त्या वेळी दगा देते. अशी जखम दिसताच एक्स-रे काढून, चीर आढळली तर घोड्याला काही आठवडे आडवे होऊ न देता उभेच बांधून ठेवतात. आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते. तिला वेदनेतून सोडवण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता. तोवर आम्ही तिचे नावही ठेवलेले नव्हते.

गावात या घटनेची दोन कारणे सांगितली गेली. मैना मारकी आहे हे एक, आणि नव्या घोडीच्या अंगावर वाईट जागी केसांचा भोवरा होता हे दुसरे. भोवरे पाहूनच आम्ही ती घेतली होती, त्यामुळे दुसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही. पहिलेही मला पटले नाही. ज्या मैनेच्या पोटाखालून माझी नात रांगत गेली आहे, ती एका रात्रीत मारकी होत नाही. विचार करता करता माझे लक्ष दाव्याकडे गेले, आणि या पत्रात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे की आपण नव्या घोड्याला बांधतो आणि तिथेच चुकतो.

घोडा हा कळपाचा आणि संकट दिसताच पळणारा प्राणी आहे. कळपात कोणी आधी प्यावे, कोणी बाजूला व्हावे, याचा क्रम ठरलेला असतो, आणि तो ठरवण्यासाठी घोडे सहसा लाथ मारत नाहीत. एकाने कान मागे पाडले, मान लांब करून पाऊलभर पुढे टाकले की दुसरा चार पावले सरकतो आणि विषय संपतो. कान, मान, शेपटीचा फटकारा, मग वळून पाठ दाखवणे आणि सरतेशेवटी लाथ, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. समोरचा सरकला तर पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच भांडण मिटते. दाव्याला बांधलेल्या घोड्याला सरकता येत नाही. तो उद्दामपणे उभा राहिला आहे असे दुसऱ्याला वाटते, आणि मग शेवटची पायरी लगेच येते. जुन्या पागांमध्ये घोडे शेजारी-शेजारी बांधत, हे खरे. पण तिथे आगाडी आणि पिछाडी दोन्ही असत, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांनाही दोर असे, त्यामुळे शेजाऱ्यापर्यंत लाथ पोचत नसे. त्या कामाला मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, असे आणि तो रात्री पागेतच झोपे. आपल्याकडे मोतद्दार गेला, पिछाडी गेली, पागेची जागा बैलांच्या गोठ्याने घेतली आणि दावे तेवढे मागे राहिले.

गेल्या वर्षी माळेगावहून मी पुन्हा घोडे आणले, या वेळी दोन: सहा वर्षांची अबलख (पांढऱ्या पट्ट्यांची दुरंगी) घोडी आणि तिच्याबरोबर वाढलेला दोन वर्षांचा खच्ची केलेला घोडा. या खेपेस मात्र परभणीला शिकलेल्या एका तरुण पशुवैद्याला आधी विचारले आणि त्याने सांगितले तसे वागलो. (एवढा खर्च करून एवढी उस्तवार कशाला, असे घरात ऐकावे लागले ते वेगळे.)

पहिले तीन आठवडे दोघांना मैनेपासून लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या कांदाचाळीत ठेवले. त्यांच्या बादल्या वेगळ्या, खराऱ्याचा ब्रश वेगळा, मोहरक्या (तोंडाला बांधायच्या दोऱ्या) वेगळ्या. सकाळी आधी मैनेचे काम उरकायचे आणि मग नव्यांकडे जायचे. उलट कधी करायचे नाही, कारण रोग माणसाच्या हातांवरून आणि कपड्यांवरूनही जातो. दोन्ही वेळा ताप मोजायचा. निरोगी मोठ्या घोड्याचा ताप साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असतो. नवव्या दिवशी लहान घोड्याचा ताप १०३ निघाला. चंदी तो नेहमीसारखी खात होता, त्यामुळे तापमापक नसता तर आम्हाला पत्ताही लागला नसता. दोन दिवसांनी त्याच्या जबड्याखाली गाठ आली आणि नाकातून पिवळा, घट्ट शेंबूड वाहू लागला. हा स्ट्रँगल्स, घोड्यांमधला गाठी आणणारा संसर्गजन्य रोग. जत्रेत, वाहतुकीत, दहा ठिकाणच्या घोड्यांनी एकाच हौदात तोंड घातले की तो सहज लागतो, आणि लक्षणे दिसायला तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. ताप आधी चढतो आणि रोग पसरवणारा स्राव त्यानंतर एक-दोन दिवसांनी सुरू होतो, म्हणून रोज ताप मोजणाऱ्याला थोडी सवड मिळते. बरा झालेला घोडाही पुढे काही आठवडे जंतू सोडत राहतो, आणि एखाद्याच्या घशाजवळच्या पोकळीत ते कित्येक महिने दडून बसतात. म्हणून आमचे तीन आठवडे आठ आठवड्यांवर गेले. यात्रेहून आल्या रात्रीच त्याला मैनेशेजारी बांधले असते तर या वयात तिचे काय झाले असते, याचा हिशेब मी करत बसत नाही.

स्ट्रँगल्स निदान बरा होतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या रोगाचे तसे नाही. २००६ साली हा रोग आपल्याच राज्यात, पुणे आणि पाचगणीच्या परिसरात, पुन्हा डोके वर काढताना दिसला. तो माणसालाही होऊ शकतो. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे, आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला दयामरण दिले जाते. रक्ताच्या तपासणीतून तो कळतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचे या तपासणीतले काम देशभर मानले जाते. लाखाचा घोडा घेणाऱ्याने विक्रेत्याकडे त्याच्या रक्ताचा अहवाल मागण्यात संकोच वाटावा असे काही नाही. बैल घेताना आपण दात मोजतोच की. धनुर्वाताची लस आणि जंताचे औषध याच वेगळ्या ठेवण्याच्या काळात उरकून घ्यावे. घरची घोडी गाभण असेल तर नव्या घोड्याला तिच्या आसपासही आणू नये, कारण घोड्यांमधील हर्पिस विषाणूने वरून धट्टीकट्टी दिसणारी घोडी शेवटच्या महिन्यांत गाभडते.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. घोड्याला उलटी करता येत नाही, आणि खुराक एकदम बदलला की पोटशूळ उठतो. विक्रेता काय घालत होता ते विचारावे, जमल्यास दोन-तीन दिवसांचे वैरण-खाद्य त्याच्याकडूनच घ्यावे, आणि आपला कडबा, आपली हरभऱ्याची चंदी आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावी. नव्या पाहुण्याला पहिल्याच रात्री पाटीभर हरभरे घालणे हा लाड जिवावर बेततो.

आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर दोन्ही बाजूंमध्ये बल्ल्यांची दोन कुंपणे घातली, मध्ये दहा फुटांची पट्टी सोडली. काटेरी तार तिथून आधी काढून टाकली, कारण कुंपणावरून पुढचा पाय झाडणाऱ्या घोड्याची कातडी तारेत सोलून निघते. पहिले दोन दिवस मैना कान पाडून कुंपणाच्या कडेने धावत राहिली. आम्ही रोज संध्याकाळी त्यांची लीद इकडची तिकडे टाकायचो. ती हुंगत मैना पाच-पाच मिनिटे उभी राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती कुंपणाकडे पाठ करून कडबा खाऊ लागली. माणसांच्या लग्नात पाठ फिरवून जेवणे हा रुसवा असतो, घोड्यांत तो विश्वास असतो. मग एक कुंपण काढले आणि नाकाला नाक लागू दिले. किंचाळणे झाले, पुढचा पाय आपटणे झाले. त्याने घाबरून जाऊ नये, ओळख अशीच होते. लहान घोडा मैनेपुढे मान खाली घालून, ओठ मागे ओढून, दात चघळल्यासारखे वाजवू लागला तेव्हा त्याचे दात दुखतात की काय म्हणून मी डॉक्टरांना फोन केला होता. ते हसले. कमी वयाचा घोडा मोठ्यापुढे ‘मी लहान आहे, मारू नकोस’ असे या रीतीने सांगतो म्हणे.

मोकळे सोडण्याच्या दिवसाची तयारी बरीच होती. नालबंदाकडून तिघांच्याही मागच्या नाला काढून घेतल्या. जागा मैनेच्या ठाणाची नको, कारण ठाण ती राखणारच. म्हणून हरभरा निघालेले मोकळे रान घेतले. सरवा, म्हणजे रानात पडलेले हरभरे, आधी वेचून घेतला, नाहीतर पोटशुळाला आपणच आवतण दिल्यासारखे झाले असते. रानाच्या एका कोपऱ्यात बांध आणि विहीर यांच्यामध्ये चिंचोळी जागा होती, ती बल्ल्या टाकून बंद केली, कारण पाठलाग होणारा घोडा अशा कोपऱ्यात सापडला की तिथेच मार खातो. पोटभर वैरण खाल्लेले घोडे सकाळी सोडले. अंगावर लोंबता दोर एकाच्याही ठेवला नाही.

एवढे करूनही मी एक चूक केलीच. तिघांना एकदम सोडले. माझा समज असा की मैना घरची मालकीण, जड तीच ठरेल आणि नव्यांना सांभाळावे लागेल. घडले उलटे. अबलख घोडी आणि लहान घोडा एकमेकांचे जुने सोबती. दोघे जोडीने फिरले, जोडीने खाल्ले, आणि अबलखने मैनेला पाण्याच्या टाकीकडे फिरकू दिले नाही. लाथ एकही बसली नाही, रक्त सांडले नाही, म्हणून दुपारपर्यंत माझ्या लक्षातच आले नाही की मैना सकाळपासून प्यायलेली नाही. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते, आणि मार्चअखेरीस आपल्याकडचे ऊन काय असते ते सांगायला नको. भांडण दिसत नाही म्हणजे जुळले, असे समजणे ही चूक पहिल्या रात्रीच्या चुकीइतकीच साधी आहे आणि म्हाताऱ्या घोडीच्या बाबतीत तेवढीच घातक ठरू शकते. मैनेचे दात झिजले आहेत. ती सावकाश खाते, आणि तिच्या वाट्याचे संपायच्या आत दुसरे दोघे तिच्या ढिगावर येतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी अबलखला कुंपणाआड ठेवले, पण दिसेल अशा जागी, नाहीतर तिने ओरडून रान डोक्यावर घेतले असते. मैना आणि लहान घोडा आठ दिवस एकत्र राहिले. तो नमते घेणारा असल्याने दोघांचे लवकर जुळले. सहाव्या दिवशी ती दोघे समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, अयाळ जिथे संपते तिथे, दातांनी खाजवत होती. त्या जागी खाजवले की घोड्याच्या छातीचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. मग अबलखला आत घेतले, तेव्हा मैना एकटी राहिली नव्हती. पाण्याच्या टाक्या एकीच्या दोन केल्या आणि एकमेकींपासून चांगल्या लांब मांडल्या. घोडे तीन असले तर वैरणीचे ढीग चार करावेत, तेही विखरून. हाकललेल्या घोड्याला जायला एक ढीग उरतो. पहिला अर्धा तास धावपळ झाली, अबलखच्या पाठीवरचे थोडे केस चाव्याने गेले, एवढेच. एकजण कोंडीत सापडून पुन्हा पुन्हा मार खात असेल, लंगडत असेल किंवा खाण्यापिण्यावाचून राहत असेल तर मात्र त्यांना वेगळे करावे. त्यासाठी काठी घेऊन मधे शिरू नये, कारण घोड्याला थेट मागचे दिसत नाही आणि त्या क्षणी लाथ कुणाला बसते आहे हे तो पाहत नाही. दुरून बादली वाजवली की बहुधा काम होते. उन्हाळ्यात घोडी साधारण दर तीन आठवड्यांनी माजावर येते, त्या दिवसांत जुळलेलेही बिनसते. तेव्हा ओळख करून देण्याचा मुहूर्त धरू नये. खच्ची न केलेल्या घोड्याला ओळख करून देण्याची ही रीत लागू नाही. त्याची व्यवस्था निराळी करावी आणि जाणत्याच्या हातूनच करावी.

‘एकदा भांडू द्या, आपोआप जमतील’ असे सांगणारे जुने लोक खोटे बोलत नव्हते. त्यांचे घोडे गायरानात सुटे चरायचे, आणि गायरान मैलभर लांब असायचे. आज तेच वाक्य आपण पंधरा बाय वीसच्या पत्र्याच्या शेडमध्ये उच्चारतो.

आता विनंती. माळेगावची यात्रा नांदेड जिल्हा परिषद भरवते. तिथे पशुसंवर्धन विभागाने एका पानाचे मराठी पत्रक छापून प्रत्येक सौद्याबरोबर खरेदीदाराच्या हाती द्यावे: वेगळे किती दिवस ठेवायचे, ताप कसा मोजायचा, दावणीला शेजारी का बांधायचे नाही, आणि लाथेची जखम झाल्यास कुणाला फोन करायचा. घोडेबाजाराजवळच रक्ताचे नमुने घेण्याची सोय असावी आणि ती मोहरक्या, घुंगरे विकणाऱ्या पालांइतकीच नजरेत भरावी. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत; तिथल्या विद्यार्थ्यांनी यात्रेचे दोन दिवस घोडेबाजारात काढले तर त्यांनाही शिकायला मिळेल आणि आम्हालाही. खरेदीदारांना एवढेच सुचवीन की रंग, भोवरे आणि चाल पाहून झाली की विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारावा: हा घोडा आजवर कुणाबरोबर राहिला आहे, की एकटाच वाढला? मी दोन यात्रांत पाहिले, हा प्रश्न विचारल्यावर विक्रेते थोडे थांबतात, कारण तो त्यांना कुणी विचारत नाही.

हे पत्र यात्रेच्या आधी आणि जमल्यास घोड्यांच्या किमतीच्या बातमीच्या शेजारी छापावे, ही विनंती.

आपला,
एक घोडेपालक शेतकरी
कंधार तालुका, जि. नांदेड